केस कापणाऱ्या बाईची अ‍ॅसिडिटी

कोरियन मालिकांमध्ये कॅन्सर फार. ज्याच्याकडे कंपनी आहे त्याला होतो, ज्याचं नुकतंच प्रेम जमलंय त्याला होतो, आणि जिनं रस्त्यावर खाण्याची गाडी लावून पोरांना शिकवलं त्या आईला तर हमखास. आधी नाकातून रक्त, मग बाथरूममध्ये नळ सोडून रडणं, मग घरच्यांची लपवालपवी. सात-आठ वर्षं मी हे सगळं भाकरीसोबत गिळत आलेली बाई. त्यामुळे माझ्या आईला तोच रोग निघाला तेव्हा मला वाटलं, पुढचं आपल्याला सगळं ठाऊक आहे. डोंबल ठाऊक होतं.

आगरदांड्याला आमचं घर जेट्टीपासून चालत दहा मिनिटांवर. मी जवळच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते, तिसरी-चौथीला. नवऱ्याचं घर सोडून आले त्याला बरीच वर्षं झाली. तेव्हापासून घरात आई आणि मी, दोघीच. दादा-वहिनी नवी मुंबईत. भिंतीवर प्रत्येक बौद्ध घरात असतात ते दोन फोटो, तिसरा आमच्या वडिलांचा, आणि त्याखाली दादानं आणून लावलेला टीव्ही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आईचं पोट दुखायला लागलं. मासळी नको, भात नको, चहासुद्धा नको. दादानं मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात दाखवलं. डॉक्टरांनी आम्हा दोघांना आत घेतलं आणि आईला बाहेर बाकावर बसायला सांगितलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतापर्यंत गेलेला. ऑपरेशनचा उपयोग नाही. वर्ष निघालं तर खूप. बाहेर आई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. पिशवीत तिनं पहाटे उठून केलेल्या तांदळाच्या भाकऱ्या होत्या, आम्हाला भूक लागेल म्हणून.

दादा जिन्यात थांबला आणि म्हणाला, "आईला एक शब्द कळता कामा नये. ती धसक्यानंच जाईल." मी मान डोलावली. खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. सांगायचं काम शेवटी माझ्याच गळ्यात पडलं असतं. खाली येऊन मी आईला म्हणाले, "अल्सर आहे. अ‍ॅसिडिटी वाढून झालाय. तिखट बंद करायचं."

"एवढ्यासाठी मुंबई दाखवलीस व्हय?" आई म्हणाली.

आमच्याकडे हे असंच करतात. आजाऱ्याला रोगाचं नाव सांगत नाहीत. शेजाऱ्यांना माहीत असतं, किराणावाल्याला माहीत असतं, दवाखान्यात नेणाऱ्या रिक्षावाल्याला माहीत असतं. ज्याच्या पोटात आहे त्याला तेवढं माहीत नसतं. आणि सगळे त्याच्यासमोर इतके हसतात, इतके हसतात, की कुत्र्यामांजरालासुद्धा शंका यावी. मी ठरवलं, आपण हसायचं नाही. आपण नेहमीसारखं वागायचं. नेहमीसारखं म्हणजे सकाळी साडेनऊला डबा भरून शाळेत जायचं, साडेपाचला परत, आणि तिच्यावर खेकसायचंसुद्धा. दुखणं थांबवायची कडक गोळी मी तिला "ही गॅसची" म्हणून द्यायचे. रजा मात्र घ्यायची नाही. मी रजा घेऊन घरात बसले असते तर पहिल्याच दिवशी तिनं विचारलं असतं, "का गं बाय, मी मरत बिरत न्हाय ना?"

शाळा सुरू झाली आणि आई दिवसभर पडून राहायला लागली. संध्याकाळी मी माझी मालिका लावायचे. एक दिवस ती भिंतीला टेकून म्हणाली, "काय बडबडतात गं हे? मलापण सांग की."

तशी आमची सुरुवात झाली. आई चौथी शिकलेली, मराठी बोट ठेवून वाचायची. खाली येणारं इंग्रजी तिच्या काय कामाचं. मग मी मोठ्यानं मराठीत वाचून दाखवायला लागले, चौथीच्या वर्गाला धडा वाचते तसं, आवाज बदलून बदलून. सासूचा आवाज वेगळा, मालकाचा वेगळा. घरात नेटला रेंज नाही, नुसता फोन लागतो, म्हणून शाळेतून येताना मी जेट्टीवर थांबायचे. तिथे उभं राहून दोन भाग फोनमध्ये उतरवून घ्यायचे. समोर जंगलजेट्टी लागलेली असायची, ती मोठी बोट, जिच्यावर ट्रकसुद्धा चढतात आणि खाडी ओलांडून दिघीला उतरतात. एक भाग उतरेपर्यंत ती निघायची आणि पलीकडे लहान दिसायला लागायची.

आईला कोरिया पसंत नव्हता. "सारखी खातात आणि सारखी रडतात. एवढं खाऊन रडायला येतं कसं?" वडिलांना तिकडे आप्पा म्हणतात हे कळल्यावर ती थोडी नरमली, कारण तिच्या वडिलांनाही सगळे आप्पाच म्हणत. पावसात भिजत भांडणारी श्रीमंत पोरं बघून ती मला विचारायची, "ह्यांच्या घरी छत्री न्हाय?" मला राग यायचा. चाहतीचा राग असतो तो, चार जणांत बोलून दाखवता येत नाही. मी म्हणायचे, "बघायचं तर गप बघ." ती गप बसायची नाही.

आणि मी खोटं वाचायचे. रोज नाही, अडलं तर. पहिल्याच मालिकेत नायिकेच्या आजीला कॅन्सर निघाला, आणि मी दोन सेकंदांत तिला गुडघेदुखी करून टाकली. दुसऱ्या मालिकेत मी शहाणी झाले. लावण्याआधी इंटरनेटवर शोधून काढायचे, ह्यात कोण मरतं का, कशानं मरतं. अपघात चालेल, खून चालेल, पोटाचा आजार नको. चाहते एकमेकांना शेवट सांगू नका म्हणून हातापाया पडतात, आणि मी सगळ्यांचे शेवट आधी वाचून मग मालिका घरात आणत होते.

जपानी मालिका आईला लागल्या त्या दिवाळीच्या सुट्टीत. त्या लहान असतात, दहा-अकरा भागांत आटपतात, कुणी फारसं ओरडत नाही. एका घरात तिला भिंतीतलं एक छोटं कपाट दिसलं. दारं उघडली की आत वारलेल्या माणसाचा फोटो, उदबत्ती, पितळेची वाटीसारखी घंटा, आणि समोर वाटीत भात. कामावरून आलेली मुलगी घंटा वाजवून हात जोडते आणि सांगते, मी आले. आई उठून बसली.

"हे कोण लोक?"

"बौद्ध. आपल्यासारखे."

"बौद्ध हायेत आणि मेलेल्याला भात ठेवतात?"

ती त्या दिवशी पुढची गोष्ट बघेना. कारण तिच्या डोक्यात माझी मावशी आली होती. दीक्षा घेतली तेव्हा माझ्या आजोबांनी घरातले देव टोपलीत घालून खाडीत सोडले. आई तेव्हा कडेवर होती, पण सांगायची अशी की टोपली हिनंच उचललेली. तिची धाकटी बहीण, माझी मावशी, दिघीच्या पुढे दिवेआगरकडे दिली. मोठ्या वादळात मावशीचं छप्पर उडालं, सुपारीची वाडी आडवी झाली. आई तांदूळ आणि ताडपत्री घेऊन पहिल्या बोटीनं गेली, तर मावशी किनाऱ्यावर उभी राहून समुद्राला नारळ देत होती. आईनं चार लोकांत तिला झापलं. बापाचं नाव घालवलंस म्हणाली. "आता तू मेलीस तरी मी यायची न्हाय," असं म्हणून त्याच बोटीनं परत आली. त्यानंतर दोघी बोलल्या नाहीत. मध्ये एक खाडी, तीही दिसते अशी.

त्या कपाटापुढे बसून आई म्हणाली, "मी तिला लय वाईट बोलले गं. घर उडालेल्या माणसानं नारळ दिला तर काय झालं? ह्यांनी भात ठेवला तर ह्यांचा धर्म बाटला काय?" मग थोड्या वेळानं, "एकदा जाऊन येऊ दिघीला. मला तिला बघायचंय."

मी म्हणाले, "बरं वाटू दे, मग जाऊ."

हे वाक्य मी डिसेंबरपर्यंत किती वेळा बोलले देव जाणे, म्हणजे आमच्यात देव नाही, पण कुणीतरी जाणतच असेल. बोटीला वीस मिनिटं लागत नाहीत. आई तेव्हा धरून चालू शकत होती. मी नेलं नाही, कारण मला मावशी माहीत होती. ती दारातच आईची हाडं बघून ऊर बडवणार, "काय गं ही दशा" म्हणणार, आणि माझं सगळं उघडं पडणार. म्हणून मी मावशीला कळवलंही नाही. दादा फोनवर म्हणाला, "बरोबर केलंस." आम्हा भावंडांचं एवढं एकमत उभ्या जन्मात झालं नव्हतं.

मग ती केस कापणारी बाई आली. समुद्रकाठच्या लहान गावात एक बाई न्हाव्याचं दुकान चालवते, मुलगी शहरातली नोकरी करून रोज गाडीनं घरी येते. एवढीच गोष्ट. इतकी शांत मालिका, की मी शेवट शोधलाच नाही. आईला ती बाई फार आवडली. ती गिऱ्हाइकाच्या मानेवर गरम फडका ठेवायची ते बघून आई स्वतःच्या मानेवर हात फिरवायची.

सातव्या भागात त्या बाईनं पोट धरलं. तिची मुलगी दवाखान्यात जाऊन आली, दुकान बंद व्हायची वाट बघत बाहेर उभी राहिली, आणि मग आत येऊन आईसमोर गुडघ्यांवर बसली. खाली जे आलं ते मी डोळ्यांनी वाचलं. तोंडानं म्हणाले, "आई, डॉक्टर म्हणाले अ‍ॅसिडिटी आहे. तिखट बंद कर."

त्या बाईनं हातातली कात्री पुसून ठेवली आणि मुलीला काहीतरी सांगितलं. मी वाचलं, "बरं. उद्यापासून ताक पिते."

"जपानात ताक मिळतं?" आईनं विचारलं.

"मिळतं."

पडद्यावर मुलगी हुंदके देऊन रडत होती आणि तिची आई तिच्या केसांवरून हात फिरवत होती. आई ते बघत राहिली. ताकावर एवढं कोण रडतं, असं तिनं विचारलं नाही. मला वाटलं, निभावलं. शहाणी ना मी.

दोन दिवसांनी नववा भाग. सुरुवातीलाच मुलगी घरी आली, चपला काढल्या, आणि भिंतीतल्या कपाटाची दारं उघडली. आत केस कापणाऱ्या बाईचा फोटो. समोर भात. मुलीनं घंटा वाजवली.

मी विसरले होते. दोन महिने ज्या कपाटावरून आमचं बोलणं चाललं होतं, त्याचा अर्थ आईला माझ्याहून चांगला ठाऊक होता. त्याला मराठी लागत नव्हतं. बाई मावशीकडे गेलीय, देवदर्शनाला गेलीय, काहीतरी म्हणायला मी तोंड उघडलं.

आई म्हणाली, "अ‍ॅसिडिटीनं गेली?"

"वाढली असेल," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे बघितलं. मी टीव्हीकडे बघत होते. ह्या एका गोष्टीची मला आजही शरम वाटते, की मी मान वळवली नाही. वळवली असती तर सगळं तिथेच संपलं असतं आणि सुरूही झालं असतं.

"लय वाईट असते मग ती," आई म्हणाली. "चल, पेज दे. भूक लागली."

तिला भूक लागणं केव्हाच बंद झालं होतं. मी उठून पेज आणली. तिनं दोन चमचे घेतले आणि वाटी बाजूला ठेवली. त्या दिवसापासून तिनं दिघीचं नाव काढलं नाही. मला वाटलं, विसरली. आणि मी दुसऱ्या दिवशी एक विनोदी कोरियन मालिका उतरवून आणली.

जानेवारीत ती अंथरुणाला खिळली. मी शाळेत असताना शेजारच्या काकी आधी डोकावून जायच्या, आता येऊन बसायच्या. संध्याकाळी मी वाचायचे आणि आई डोळे मिटून ऐकायची. आता चित्राचीही गरज उरली नव्हती. मी काय वाटेल ते वाचायचे. सासवा सुनांची माफी मागायच्या, दुरावलेली माणसं विमानतळावर भेटायची, आजारी माणसं टुणटुणीत होऊन डोंगर चढायची. आई मध्येच म्हणायची, "छान वाचतेस हो बाय." मला बरं वाटायचं. मी अजून थोडं वाढवून वाचायचे.

ती गेली त्या दिवशी केंद्रप्रमुख शाळेला भेट द्यायला येणार होते. सकाळी तिचा श्वास वेगळा येत होता, हे मला दिसलं होतं. मी दारात घुटमळले. मग नेहमीसारखं वागायचं म्हणून डबा उचलला आणि गेले. अकराच्या सुमारास काकींचा फोन आला. मी फळ्यावर तारीख लिहून पटसंख्या लिहीत होते. पोचेपर्यंत संपलं होतं.

मावशी दुपारच्या बोटीनं आली. मी तिला कळवलंच नव्हतं, दादा अजून पनवेलच्या पुढेही आला नव्हता, मग हिला कुणी सांगितलं, हे मला तेव्हा सुचलंच नाही. ती ऊर बडवत आली नाही. सरळ आत गेली, आईच्या पायांशी बसली, तळपाय दोन्ही हातांत धरून राहिली. पांढरी साडी ती घरूनच नेसून आली होती.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, दादा-वहिनी गेले. मावशी राहिली. संध्याकाळी आईच्या जागेवर भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "ती केस कापणारी बाई दाखव मला."

मला कळेना. "तुला काय माहीत ती?"

"रोज सांगायची ना. तू शाळेत गेलीस की काकींच्या फोनवरून. अकरा वाजता. आदल्या दिवशीची सगळी गोष्ट सांगायची. डिसेंबरपासून."

मावशी रडत नव्हती, तिचा आवाज तापला होता. "सगळं माहीत होतं तिला. पहिल्याच फोनला म्हणाली, मला पोटाचा कॅन्सर हाय, पोरीनं सांगितलेला न्हाय, पण मला कळलंय. मी म्हटलं, मी येते, आत्ता येते. म्हणाली, येऊ नको. तू आलीस, रडलीस, तर पोरीला कळंल की मला कळलंय. दिवसभर शाळा करून येते आणि माझ्यासाठी खोटं वाचत बसते. तिला तेवढाच आधार हाय, तो काढू नको. मी किती वेळा म्हटलं. शपथ घातलीन मला." मग ती माझ्याकडे वळली. "जेट्टीवर येऊन बसायची मी. दिघीच्या बाजूला. तुझं घर दिसतं का बघायची. तुझ्या त्या वाचण्यापायी मला माझी बहीण बघायला मिळाली न्हाय. राग येतो मला तुझा. मरेपर्यंत येणार."

मी म्हणाले, "ये." दुसरं काय म्हणणार. मलाही माझा येतच होता. म्हणजे मी फोनमध्ये भाग उतरवत बोट पलीकडे जाताना बघायचे, तेव्हा पलीकडे ही बसलेली असायची. आणि घरातलं आजारी माणूस आम्हा दोघींना सांभाळत होतं.

थोड्या वेळानं मावशी जरा खालच्या आवाजात म्हणाली, "एक गोष्ट तिला शेवटपर्यंत खटकत होती. त्या पोरीनं दवाखान्यातून येऊन आईला काहीतरी सांगितलं, आणि आईनं तिला काहीतरी उत्तर दिलं. तू तिथं ताक वाचलंस. ताक न्हाय ते, म्हणाली. पण काय म्हणाली असंल गं ती? असं विचारायची मला. मला काय माहीत असणार? तू दाखव. आणि खरं वाच."

मी सातवा भाग लावला. मुलगी दुकानाबाहेर उभी राहिली, आत आली, गुडघ्यांवर बसली. मी वाचलं, "आई, तुला कॅन्सर आहे. बरा होणार नाही म्हणाले. मला फार भीती वाटते."

बाईनं कात्री पुसून ठेवली. मुलीच्या केसांवरून हात फिरवला. खाली एकच ओळ आली. मला ती पाठ होती, तरी मी थांबले.

"वाच की," मावशी म्हणाली.

"बरं झालं सांगितलंस. उद्या कामावर जाऊ नकोस."

मावशी पडद्याकडे बघत राहिली. मुलगी रडत होती.

"एवढंच व्हय?" तिनं विचारलं.

"एवढंच," मी म्हणाले.